ब्रुकनर ऐकायचाय? आधी साल बघा

बेथोव्हनची सिंफनी निवडताना आपण कंडक्टर कोण आणि ऑर्केस्ट्रा कुठला एवढंच बघतो. आंतोन ब्रुकनर या एकोणिसाव्या शतकातल्या ऑस्ट्रियन संगीतकाराच्या बाबतीत ते दुसऱ्या नंबरवर येतं. पहिल्या नंबरवर येतं साल, आणि तेही रेकॉर्डिंगचं नव्हे, पाठाचं. चौथी सिंफनी म्हणून तुम्ही जे लावलंय ते १८७४ चं आहे की १८७८/८० चं, हे माहीत नसेल तर दोन रेकॉर्डिंगांची तुलना करण्यात अर्थ नाही, कारण त्या दोन्हींतला तिसरा भाग म्हणजे अक्षरशः वेगवेगळं संगीत आहे. नाव तेवढं सारखं.

पाठभेद ही गोष्ट मराठवाड्याला कोणी शिकवायची गरज नाही. पैठणच्या नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, तो नकला करणाऱ्यांच्या हातून बरंच इकडचं तिकडे झालं होतं म्हणूनच. फरक एवढाच की ज्ञानदेवांनी स्वतः तीन ज्ञानेश्वऱ्या लिहिल्या नव्हत्या. ब्रुकनरने तिसरी आणि चौथी सिंफनी तीन-तीनदा लिहिली, आठवी दोनदा. वर फ्रान्झ शाल्क आणि फर्डिनांड लोव या शिष्यांनी छापताना वाद्ययोजना बदलली, कुठे कापाकापी केली. १९३० च्या दशकात रोबर्ट हास या संपादकाने ती पुटं खरवडायला घेतली. १९४५ नंतर त्याच्या जागी लेओपोल्ड नोवाक आला आणि त्याने सगळ्या सिंफन्या पुन्हा संपादित केल्या. सीडीवर किंवा ॲपमध्ये दिसणारे ‘हास’ आणि ‘नोवाक’ ते हे दोघं. ते वाजवणारे नाहीत.

इथे नवा माणूस हमखास एका ठिकाणी फसतो. ‘नोवाक’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. नोवाकने आठव्या सिंफनीचे १८८७ आणि १८९० असे दोन्ही पाठ वेगवेगळे छापले आहेत. तसंच ‘मूळ पाठ’ या शब्दांचं. जुन्या रेकॉर्डवर त्याचा अर्थ ‘शाल्क-लोवची ढवळाढवळ नसलेला’ एवढाच असतो, ‘सगळ्यात पहिला’ असा नसतो. जर्मन कव्हरवर ‘फासुंग’ हा शब्द दिसला तर तो म्हणजे पाठ, आणि त्याच्या शेजारचा आकडा तुमच्या कामाचा. ॲपमध्ये आणखी दोन सालं दिसतात, रेकॉर्डिंगचं आणि नव्याने बाजारात आणल्याचं. १९७३ ची रेकॉर्ड २०१० नंतरची म्हणून दिसते ती याचमुळे. शोधताना नावापेक्षा डब्ल्यूएबी नंबर, म्हणजे ब्रुकनरच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक, टाकलेला बरा. चौथीचा १०४, सातवीचा १०७, आठवीचा १०८, नववीचा १०९.

घाबरू नका, हा गोंधळ सगळीकडे नाही. पाचवी आणि सहावी डोळे झाकून घ्या, हास असो की नोवाक, कानाला फरक कळणार नाही. नववीच्या पूर्ण झालेल्या तीन भागांतही भानगड नाही, फक्त १९३२ च्या आधी रूढ असलेली लोवची रंगरंगोटी टाळायची, आणि ती आज मुद्दाम शोधल्याशिवाय सापडतही नाही. सातवीचा वाद झांजेच्या एका ठोक्याचा. खरी काळजी तिसरी, चौथी आणि आठवी या तिघींची. पहिली आणि दुसरी यांचेही दोन-दोन पाठ आहेत, पण तिथवर पोचेपर्यंत तुम्ही स्वतःच कव्हर वाचायला शिकलेले असाल.

सुरुवात सातवीपासून करावी असं माझं मत. १८८१ ते १८८३ मध्ये लिहिलेली, ३० डिसेंबर १८८४ ला लाइपझिगमध्ये पहिल्यांदा वाजली. चेलोंवर येणारी पहिली धून इतकी लांब श्वासाची आहे की ख्यालाच्या कानाला ती परकी वाटत नाही. दुसरा भाग संगीतकार वाग्नरच्या मृत्यूच्या छायेत लिहिलेला (वाग्नर १३ फेब्रुवारी १८८३ ला गेला) आणि त्यात चार वाग्नर ट्यूबा आहेत, हॉर्नपेक्षा जाड, गडद आवाजाच्या. या भागाच्या शेवटच्या पाव हिश्शात संगीत चढत चढत सी मेजरवर पोचतं आणि तिथे झांज, ट्रँगल आणि टिंपनी (मोठे नगारे) एकदम कोसळतात. हस्तलिखितात हा झांज-ट्रँगलचा मजकूर मूळ पानावर नाही, वेगळ्या चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला आहे, आणि त्यावर कोणीतरी ‘गिल्ट निष्ट’, म्हणजे ‘ग्राह्य नाही’, असं लिहून ठेवलंय. हासने तो शेरा मानला आणि झांज काढली. नोवाकचं म्हणणं, ते अक्षर ब्रुकनरचं नाही, म्हणून त्याने झांज ठेवली. पण कव्हरवर हास लिहिलंय म्हणून झांज नसेलच असं समजू नका. कंडक्टर कारायान हासचा पाठ वापरतो आणि झांज वाजवतो. व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरची त्याची सातवी एप्रिल १९८९ ची, त्याची शेवटची रेकॉर्डिंग, जुलैमध्ये तो गेला. तिथे हा ठोका असा येतो की त्याच्याशी वाद घालावासा वाटत नाही. जरा कमी गुळगुळीत, लाकडाचा वास असलेला आवाज हवा असेल तर ड्रेस्डेनच्या स्टाट्सकापेलेबरोबरची ब्लोमस्टेटची १९८० ची घ्या.

चौथीला लोक ‘रोमँटिक’ म्हणतात. तंतुवाद्यांच्या अगदी हलक्या थरथरीवर एकटा हॉर्न येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर प–सा–प, मधला षड्ज खालचा. दुसऱ्यांदा तीच हाक येते तेव्हा पहिला स्वर कोमल धैवत होतो, ध–सा–प, आणि खोलीतला उजेड बदलल्यासारखं होतं. एवढे सहा स्वर ओळखू आले की पहिल्या भागाची अर्धी वाट कळली. पाठ ओळखायचा तर सरळ तिसरा भाग लावा. बरेच हॉर्न मिळून शिकारीचे पुकारे करत धावत असतील, दोन स्वर आणि मग तीन, या ब्रुकनरच्या ठरलेल्या लयीत, तर तो १८७८ किंवा नंतरचा. एकटा हॉर्न हाक देऊन थांबतोय, पुन्हा देतोय, असं असेल तर १८७४. रोजच्या ऐकण्याला १८७८/८० पुरेसा आहे, आणि त्यासाठी कार्ल बोमची व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरची १९७३ ची डेक्काची रेकॉर्ड इतकी वर्षं झाली तरी पहिल्या नंबरवर ठेवावी लागते. व्हिएन्नाचे हॉर्न वेगळ्या बनावटीचे असतात, किनार थोडी खरखरीत, आणि या सिंफनीत सगळं हॉर्नवरच आहे. १८७४ चा पाठ एलिआहू इन्बालने फ्रँकफर्ट रेडिओ ऑर्केस्ट्राबरोबर १९८० च्या दशकात रेकॉर्ड केला. तिन्ही पाठ एकाच पेटीत हवे असतील तर याकुब ह्रूशाचा बाम्बर्गचा संच आहे. अभ्यासाला उत्तम, पण पहिल्याच खरेदीत तो घेऊ नये. माणूस त्या तीन फिनालेंत, म्हणजे शेवटच्या भागांत, हरवून जातो.

तिसरीचं गणित मात्रांच्या नव्हे, मापांच्या (इंग्रजीत बार) हिशोबाने बघा. १८७३ चा पाठ २०५६ मापांचा, १८८९ चा १६४४. नुसत्या शेवटच्या भागात ७६४ ची ४९५ झाली आहेत. इतकं कापल्यावर शिवण दिसतेच. एक तुकडा संपायच्या आत दुसरा येऊन धडकतो. म्हणून १८८९ चा पाठ ऐकताना ‘हे इथे कसं आलं?’ असं वाटलं तर दोष तुमच्या कानाचा नाही. मधला १८७७ चा पाठ मला सगळ्यात समतोल वाटतो, आणि हायटिंकची व्हिएन्नाबरोबरची १९८८ ची रेकॉर्डिंग त्याच पाठाची आहे. १६ डिसेंबर १८७७ ला खुद्द ब्रुकनरने हाच पाठ व्हिएन्नात वाजवून घेतला तेव्हा लोक उठून गेले होते. १८७३ साठी पुन्हा इन्बाल. १८८९ साठी बोम, १९७०.

आता आठवी. इथे घाई करू नये.

ब्रुकनरने १८८७ मध्ये ती पुरी करून म्युनिकच्या हेरमान लेव्ही या कंडक्टरकडे पाठवली. लेव्हीला ती झेपली नाही आणि त्याने तसं कळवलं. ब्रुकनर खचला, आणि मग १८९० पर्यंत ती पुन्हा लिहीत बसला. पहिल्या भागाचा शेवट बघा. १८८७ मध्ये तो पूर्ण ऑर्केस्ट्राच्या गर्जनेत होतो. १८९० मध्ये ब्रुकनरने ती गर्जनाच काढून टाकली, आणि भाग कुजबुजत, घड्याळ थांबावं तसा विझतो. पाठ ओळखायची यापेक्षा सोपी खूण नाही. दुसरी खूण संथ भागात. १८८७ मध्ये कळसाला झांज सहादा वाजते, १८९० मध्ये दोनदा. कळसाचा स्वरही बदललाय, आधी सी मेजर, नंतर ई फ्लॅट मेजर.

मग हास आणि नोवाक भांडतात कशावर? दोघंही १८९० चाच पाठ छापतात, पण हासला वाटलं की ब्रुकनरने काही जागा दुसऱ्यांच्या दबावाखाली कापल्या. म्हणून त्याने १८८७ मधल्या त्या जागा उचलून १८९० मध्ये परत बसवल्या. संथ भागात कळसाच्या आधीची दहा मापं अशीच आहेत, फिनालेतही काही जागा आहेत. संपादक म्हणून हे चुकीचंच. दोन पोथ्यांतल्या ओव्या एकत्र शिवून तिसरी पोथी करण्यातला प्रकार. पण कान म्हणतो ती दहा मापं हवीत. त्यांच्याशिवाय संथ भाग कळसावर उडी मारून चढल्यासारखा वाटतो, त्यांच्यासह तो पायऱ्यांनी चढतो. वांड, कारायान, हायटिंक, बुलेझ हे हासवाले. योखुम आणि जुलिनी नोवाकवाले. एक-एक दोन्हींकडचं घरात असावं.

हासमध्ये माझी निवड ग्युंटर वांड, बर्लिन फिलहार्मोनिक, जानेवारी २००१, मैफलीत रेकॉर्ड केलेली. कारायानची व्हिएन्नाबरोबरची १९८८ ची तिच्या बरोबरीला. वांडची लय हलत नाही हा त्याचा गुण. ब्रुकनर हस्तलिखितात मापांखाली १ ते ८ असे आकडे घालत जायचा, पुन्हा १ पासून, आपण आवर्तनं मोजतो तसे. वांड ऐकताना ते आकडे जवळजवळ दिसतात, सम कुठे येणार ते आधी कळतं. योखुम याच्या उलट. आवाज चढला की तोही वेग घेतो, शिखर ओसरलं की सैल सोडतो. ख्यालात लय वाढत जाण्याची ज्यांना सवय आहे त्यांना योखुम पहिल्याच ऐकण्यात आपला वाटेल, आणि त्यात वावगं काही नाही. त्याचे दोन पूर्ण संच आहेत. जुना बर्लिन आणि बव्हेरियन रेडिओचा, नंतरचा ड्रेस्डेनचा. एकच संच घ्यायचा तर जुना, कारण ड्रेस्डेनच्या रेकॉर्डिंगमध्ये ट्रंपेट कानावर येतात. चेलिबिडाके हा तिसरा पंथ, अतिविलंबित. म्युनिकची त्याची १९९३ ची आठवी शंभर मिनिटांच्या वर जाते, बाकीचे ७५ ते ९० मध्ये आटोपतात. अमीर खाँसाहेबांचा झूमरा ज्यांना लांब वाटत नाही त्यांनी जरूर ऐकावी, बाकीच्यांनी पहिली म्हणून ऐकू नये. १८८७ च्या पाठासाठी गेओर्ग टिंटनर, आयर्लंडच्या नॅशनल सिंफनीबरोबर, नॅक्सॉसवर. स्वस्त आणि चांगली. सीडीत साधारण ८० मिनिटं मावतात, त्यामुळे आठवी बहुतेक दोन सीडींत येते. बुलेझची एका सीडीत बसते.

राहिल्या पाचवी आणि सहावी. सहावी क्लेम्पेररची, १९६४. विषय संपला. पाचवीसाठी योखुमची कन्सेर्टखेबाऊ ऑर्केस्ट्राबरोबरची, ओटोबोयरेनच्या मठात मे १९६४ मध्ये रेकॉर्ड केलेली. वेरूळच्या दहा नंबरच्या लेण्यात आवाज काढला की छताच्या दगडी फासळ्यांत तो घुमत राहतो, तशा जागेत ही सिंफनी वाजते. पाचवीत ब्रुकनर मोठा घोष झाल्यावर एकदम शांतता ठेवतो. ऑर्गनवाल्याची सवय, घुमारा विरेपर्यंत थांबायचं. कोरड्या स्टुडिओत त्या जागा खड्ड्यासारख्या वाटतात, इथे त्या भरलेल्या असतात. तोटा असा की फिनालेतल्या दुहेरी फ्यूगमध्ये, म्हणजे दोन धुना एकमेकींचा पाठलाग करतात तिथे, खालचे आवाज एकमेकांत मिसळतात.

रेकॉर्डिंग कितीही चांगलं निवडलं तरी आपल्याकडे ते बिघडवतो कूलर. मे महिन्यात लातूरला किंवा परभणीला दुपारी कूलर चालू असताना ब्रुकनर लावू नका. त्याची जवळजवळ प्रत्येक सिंफनी ऐकू येईल-न येईल अशा थरथरीतून उगवते, ती कूलरच्या घरघरीत बुडते. मग माणूस आवाज वाढवतो, आणि पाच मिनिटांनी ट्रॉम्बोन आले की शेजारचे दार वाजवतात. पहाटे पाचला, पंखा एकवर ठेवून, किंवा कान झाकणारा हेडफोन लावून ऐका. हेडफोन नसेल तर निदान ब्लूटूथचा डबडा टाळा. डबल बासची खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते, तळहाताएवढ्या स्पीकरला ते जमत नाही, आणि टिंपनीची घुमणारी लाट नुसती टकटक होते. ॲपमध्ये आवाज आपोआप सारखा करणारी सोय असते, ती बंद करा. कुजबुज आणि गर्जना एका पातळीवर आल्या तर ब्रुकनरमध्ये काही उरत नाही. एक भाग दुसऱ्यात मिसळणारी क्रॉसफेडची सोयही बंद. फुकटच्या खात्यात भाग उलटसुलट लागू शकतात. स्केर्त्सो (मधला धावता भाग) आधी आणि पहिला भाग नंतर ऐकून सिंफनी कळली नाही म्हणणारे लोक आहेत.

लाइट जाण्याचा हिशोब धरूनच डाउनलोड करा. ८० मिनिटांची सिंफनी ३२० केबीपीएसने सुमारे १९० एमबी होते, सीडीच्या दर्जाची फाइल साधारण त्याच्या दुप्पट. मोबाइलच्या नेटवर चालता चालता ऐकायला गेलात तर नेमकं संथ भागाच्या कळसाला चाक फिरत बसतं. घरात साधा स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर त्यावर ॲम्प्लिफायर चालवू नका, स्पीकरमधून घूं येते. लाइट गेली की फोन, वायरचा हेडफोन, एवढंच.

नववी शेवटी ठेवा. ती अपुरी आहे. ११ ऑक्टोबर १८९६ ला ब्रुकनर गेला तेव्हा तीन भाग पुरे होते आणि चौथ्याची पानं पसरलेली. चार अभ्यासकांनी पुरा केलेला चौथा भाग रॅटलने बर्लिनबरोबर २०१२ मध्ये वाजवलाय. उत्सुकता म्हणून एकदा ऐका. तीन भागांची घ्यायची तर जुलिनी, व्हिएन्ना, १९८८. संथपणा असूनही त्यात ढिलाई नाही, आणि तिसऱ्या भागातला तो भयंकर बेसूर कळस इतर कोणी इतक्या थंड डोक्याने उभा केलेला नाही. त्या कळसानंतर मोठी शांतता आहे. मग हॉर्न आणि ट्यूबा ई मेजरवर बराच वेळ धरून राहतात आणि संपतं. लावण्याआधी ऑटोप्ले बंद केलंय ना ते बघा, नाहीतर शेवटचा स्वर विरायच्या आत ॲप भलतंच काहीतरी सुरू करतं.